बायपासची बस आपल्या दारात

प्रिय तोमो,

पाकीट पाहून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोनवर तुझ्याशी बोलायला बसले की तुझे बाबा शेजारी येऊन वर्तमानपत्र उघडतात आणि माझं बोलणं संपेपर्यंत पान उलटत नाहीत. तुझं नाव काढायचं नाही, पण कान मात्र फोनला लावलेले. अशा माणसासमोर काय डोंबल बोलणार? आज ते सुगावाराबाईंचा हीटर बघायला गेलेत. तिथे आधी चहा, मग मुळ्याचं लोणचं, मग पुन्हा चहा असं असतं, हे तुला माहीतच आहे. तेवढ्यात मी हे लिहून काढते. बाहेर ओला बर्फ पडतोय, दुकानात चिटपाखरू नाही आणि शेगडीवरच्या किटलीला माझ्याशिवाय कुणी ऐकणारं नाही.

आपल्या दुकानाच्या यंदाच्या गिऱ्हाईक-मेळाव्याचं तू फोनवर काही विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. पण तो कसा झाला हे तुला कळायला हवं. त्याआधी एक गोष्ट, जी मी तुझ्या कानावर येऊ दिली नव्हती. ऑक्टोबरात, भाताची कापणी उरकली त्या सुमाराला, ओसाकाहून होशिमारू कंपनीचा कागद आला. दरवर्षीच येतो. पुढच्या वर्षी आपल्या टीव्ही-फ्रीजच्या दुकानावर त्यांची पाटी ठेवणार की उतरवणार, एवढंच त्यात विचारलेलं असतं, आणि बाबा दरवर्षी तो न वाचताच होकार कळवून मोकळे होतात. यंदा त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि जेवताना मला म्हणाले, “फुसाए, यंदाच्या मेळाव्याला माणसं आली तर होकार. नाही आली तर मी स्वतः शिडी लावून पाटी उतरवीन. माझ्या बापानं ती भरल्या दुकानावर लावलीय. ओस दुकानावर लटकत ठेवायला मी काही भुताटकीचा धंदा काढलेला नाही.” मी आपली सूप ढवळत राहिले आणि “बरं” म्हणाले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, ते मात्र सांगितलं नाही.

आणि मेळाव्याच्या तारखा तरी कुठल्या असाव्यात? तुमच्या बायपासवरच्या दुकानाचा वाढदिवस नेमका त्याच शनिवारी-रविवारी. मी म्हटलं, आठवडाभर पुढे ढकलू या. तर म्हणाले, “बर्फाच्या आधीचा शेवटचा शनिवार हा आपला. तो बापानं ठरवलाय, बायपासवाल्यांना विचारून नाही.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. तू त्या दुकानात लागलास याचा त्यांना राग आहे की कसं, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला नक्की सांगता येत नाही. सेंदाईला शिकायला तुला त्यांनीच पाठवलं. “या धंद्यात आता दम नाही, मोठ्या ठिकाणी जा,” हेही तेच म्हणाले. तू मोठ्या ठिकाणी गेलास. आता ते मोठं ठिकाणच तुला काखोटीला मारून आपल्या गावात आलं, यात तुझा काय दोष? पण टीव्ही विभागाचा प्रमुख म्हणून पिवळं जाकीट घालून तू तिथे उभा राहिलास, तेव्हा गावानं तुझ्या जाकिटाकडे पाहायच्या आधी आमच्या तोंडाकडे पाहिलं. तेव्हापासून बाबा बायपासवरून गाडी नेत नाहीत. नदीकडून वळसा घालतात आणि पेट्रोल महाग झालं म्हणून माझ्यापाशी कुरकुरतात.

तुमच्याकडे वस्तू स्वस्त मिळते, हे काही गुपित नाही. लोकांनी तिथून घेतली तर त्यात लपवायचं काय? पण आपलं गाव म्हणजे तुला ठाऊक आहे. ज्याच्या हातानं आपल्या घरात पहिला दिवा लागला त्याला सोडून दुसरीकडे गेलो, याची लाज त्यांना किमतीपेक्षा मोठी. मग लपवाछपवी सुरू झाली. खोकी मागच्या शेतात नेऊन जाळायची. नव्या मायक्रोवेव्हवर एप्रन टाकायचा. केशकर्तनालयाच्या मित्सुबाईंनी तर नवं धुलाई यंत्र न्हाणीघरात ठेवून त्यापुढे जुनं बंद यंत्र तसंच उभं ठेवलंय, आणि आता धुणं टाकायला त्यांना दर वेळी अंग चोरून जावं लागतं. तुझे बाबा घरी आले की लगबग उडते. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही माणसं, आणि भांडं दिसलंच नाही असं सोंग घेणारे तुझे बाबा. बोलवायचं कशाला, तर बल्ब बदलायला, नाही तर फ्यूज बघायला. तुमच्याकडे फोन केला की यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा. आमच्याकडे फोन केला की मी बोलते, आणि मी काही दाबायला सांगत नाही.

सप्टेंबरातली ओकुयामा आजोबांकडची गंमत तुला कुणी सांगितली नसेल. त्यांच्या न्हाणीघरातला दिवा गेला होता. बाबांचा गुडघा हल्ली शिडीवर कुरबूर करतो, म्हणून धरायला मीही गेले होते. दिवा लागला, आम्ही कोतात्सूच्या गरम टेबलाखाली रजईत पाय घालून चहाला बसलो. समोर त्यांचा जुना होशिमारू टीव्ही, पुसून लख्ख केलेला, वर क्रोशाचा रुमाल. कोपऱ्यात मात्र भलंमोठं काहीतरी चादरीखाली झाकलेलं. योशिनो आजी म्हणाल्या, “पाहुण्यांच्या गाद्या आहेत हो त्या.” आम्ही म्हटलं, असतील. चहाचा दुसरा पेला ओतत होत्या आणि तेवढ्यात गाद्या बोलायला लागल्या. आधी ढोल, मग सुमोच्या आखाड्यातला निवेदक, आवाज असा खणखणीत की चादर थरथरत होती. आजोबांनी खोकायला सुरुवात केली. आजींनी पेल्याबाहेर चहा ओतला. आणि तुझे बाबा? ढिम्म हलले नाहीत. लोणच्याची फोड तोंडात टाकली, शांतपणे चावली आणि म्हणाले, “यंदा मंगोलियाचा तो पोरगा फार जोरात आहे म्हणतात.” आजोबांनी खोकता खोकता मान डोलावली. मग सगळ्या कुस्त्या आम्ही चौघांनी चादरीकडे न बघता ऐकल्या. कोण जिंकलं त्यावर वाद घातला, पण टीव्हीचा विषय कुणी काढला नाही. हसू दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या होत्या.

निघताना मी चपला घालत होते आणि बाबा आत चादरीपाशी वाकले होते. मग गाडीत बसलो. नदीपाशी आल्यावर म्हणाले, “रिमोट चादरीतून बाहेर राहिला होता. लाल ठिपका पाहिलास?” मी कुठे पाहणार? म्हणाले, “चालू करायच्या बटणावर एक आणि आवाजाच्या बटणावर एक. आणि कुस्त्यांच्या वेळेला आपोआप लागेल असं करून दिलंय. बायपासवाले घरी येऊन ठिपके लावत नाहीत.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो ठिपका म्हणजे आपल्या घरची खूण. माझ्या लग्नातली नेलपॉलिशची बाटली नखांना लागली नाही, ती गावभरच्या म्हाताऱ्यांच्या रिमोटांवर संपली. पुढच्या प्रत्येक बाटलीचं तेच झालं. शाळेतून आल्यावर तू जमिनीवर बसून जीभ बाहेर काढून ठिपके लावायचास, ते मी विसरलेले नाही. तू रजेच्या दिवशी, स्वतःच्या गाडीनं, विकलेले टीव्ही नीट लागलेत का ते बघायला घरोघर जातोस, हे आम्हाला असं कळलं. तू सांगितलं नाहीस, लोकांनीही सांगितलं नाही. तू ‘बाबांना सांगू नका’ म्हटलं असशील, आणि त्यांना तर काय, तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा ओकुयामांकडे गेले. “गाडीत जास्तीची वायर उरलीय, ठेवून घ्या, कशाला तरी उपयोगी पडेल,” म्हणून अँटेनाची लांब वायर देऊन आले. गाद्यांचा कोपरा रॉकेलच्या शेगडीच्या फार जवळ होता, म्हणून. त्यानंतर पाहिलं तर गाद्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकल्या होत्या. आणि तेव्हापासून तुझ्या बाबांना नवीनच खोड लागलीय. कुणाच्याही घरी गेले की आधी नजर रिमोटवर. घरी आल्यावर मला सांगणार, “आज दोन ठिकाणी ठिपका दिसला.” एकदा म्हणाले, “ठिपका जरा मोठा लावतो.” ही त्यांची शाबासकी समज. त्यांच्या तोंडून याहून गोड काही मी लग्न झाल्यापासून ऐकलेलं नाही.

तुझ्या आजोबांचं एक म्हणणं होतं. वस्तू विकली म्हणजे मुलगी दिली. दिल्या घरी ती सुखात आहे का, हे बघायला जावं लागतं. नाही गेलं तर पुढच्या मुलीला स्थळ मिळत नाही. धंद्याचं एवढंच शास्त्र त्यांनी बाबांना शिकवलं आणि बाबांनी तेवढंच पाळलं. सुगावाराबाईंचंच बघ. त्यांच्या सेंदाईच्या लेकीनं नेटवरून हीटर मागवून दिला होता. गेल्या हिवाळ्यात तो बंद पडला, तर बाई दोन दिवस कोट घालून घरात बसल्या, पण लाजेपायी फोन करीनात. शेवटी केला, तोही “सहज केला हो” म्हणून. सहज फोन करणाऱ्या बाईचे दात वाजताना मला ऐकू येत होते. बाबा गेले, तर बिघाड काहीच नव्हता, जाळी धुळीनं तुंबलेली. धुतली, बसवली, लोणचं खाल्लं, परत आले. पुढच्या महिन्यात सेंदाईहून लेकीचा फोन. तिच्या स्वतःच्या घरासाठी फ्रीज हवा होता. सेंदाईत फ्रीज मिळत नाहीत का? पण म्हणाली, “काकू, होशिमारूचाच द्या, आणि तुमच्याकडूनच. त्या कंपनीची माणसं येतात.” कंपनीची माणसं म्हणजे कोण, तर गुडघा धरून शिडी चढणारा तुझा बाप. ओसाकातल्या लोकांना वाटतं त्यांच्या जाहिराती बघून लोक होशिमारू घेतात. वाटू दे बापडे.

आता मेळाव्याचं. शुक्रवारी दिवसभर मी अळकुड्या सोलल्या, हात खाजून लाल झाले. शनिवारी पहाटे अंगणात मोठं पातेलं चढवलं. बीफ, कांद्याची पात, सोया सॉस, सगळं तुझ्या आजीच्या हिशेबानं. बाबांनी कंपनीचं निळं जाकीट इस्त्री करून घातलं आणि दाराशी उभे राहिले. कंपनीचा नवीन पोरगा नाकानिशी, ओसाकाचा, पातळ बूट घालून आलेला, तोही त्यांच्या शेजारी उभा. आभाळ फाटल्यासारखा ओला बर्फ सुरू झाला. सकाळ अशीच गेली. एकजण आला, तो टपालवाला. त्यानं एक वाटी रस्सा प्यायला आणि तुमच्या दुकानाचा कागद दिला. त्यावर लिहिलेलं, वाढदिवसानिमित्त येणाऱ्या प्रत्येकाला अंड्यांची पेटी फुकट, आणि डोंगराकडच्या वस्त्यांवरून मोफत बस. बाबांनी तो वाचला, घडी घातली. मागे गेले आणि गोदामातून शिडी आणून भिंतीला टेकवून ठेवली. कुणाला वाटावं दिवा बदलायचाय. मला माहीत होतं कशाला आणलीय. तोमो, त्या क्षणी तुझ्या बापाची पाठ मला इतकी म्हातारी दिसली की मी रस्सा ढवळायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दुपार व्हायच्या बेताला रस्त्यावर पिवळं काहीतरी आलं. तुमची बस. खिडक्यांवर वाढदिवसाच्या पताका, पुढे मोठ्या अक्षरांत दुकानाचं नाव. ती आपल्या दारासमोर येऊन थांबली. बाबा नाकानिशीला म्हणाले, “चिडवायला आलेत.” दार उघडलं आणि आधी एक काठी उतरली, मग ओकुयामा आजोबा. हातात अंड्यांची पेटी. त्यांच्यामागे योशिनो आजी, त्यांच्याही हातात अंडी. मग मित्सुबाई, मग सोबा शेवयांच्या दुकानाचे मालक, मग वरच्या वस्तीवरच्या सगळ्या म्हाताऱ्या, एकमेकींचा हात धरून, प्रत्येकीच्या छातीशी अंडी. बस रिकामी होईना. दुकान भरलं, अंगण भरलं, गोदामाच्या दारात लोक उभे राहिले. अंडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून नव्या धुलाई यंत्रांवर पेट्या रचल्या. नाकानिशी फोटो काढायला धावला, तर मी म्हटलं, “अरे, आधी वाट्या वाटायला लाग.”

ओकुयामा आजोबांनीच सगळं सांगितलं. “सकाळी बसमध्ये बसलो, अंडी घेतली. फुकटची अंडी कोण सोडतं? मग निघालो चालत तुझ्याकडे यायला. बायपासला फुटपाथ नाही, ट्रक अंगावर चिखल उडवतायत, ही बया माझ्या बाहीला लटकलेली. तर मागून तुझं पोर आलं धावत, डोक्यावर छत्री नाही की टोपी नाही. म्हणे, आजोबा, कुठे निघालात? म्हटलं, तुझ्या बापाकडे. अंडी मिळाली, आता अळकुड्या खायच्यात. तर आम्हा सगळ्यांना गोळा करून पुन्हा बसमध्ये कोंबलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, परत जाताना जुन्या बाजारातून काढ, आमच्या कुरोनुमांच्या दुकानापाशी थांबव. ड्रायव्हर म्हणाला, मार्ग ठरलेला आहे साहेब. तर म्हणाला, मी सांगतोय, मी बघून घेईन.” हे ऐकताना बाबा काय करत होते सांगू? शेगडीच्या नॉबवरची नसलेली धूळ पुसत होते.

मग आजोबांनी घसा खाकरला आणि भर गर्दीत म्हणाले, “इवाओ, मी टीव्ही तिकडून घेतलाय.” बाबा म्हणाले, “कुठला टीव्ही?” “अरे, तो ओरडत होता की, सुमोचा.” “असं होय. मला वाटलं तुमच्या गाद्यांना कुस्तीची आवड आहे.” दुकान असं हसलं की काचा वाजल्या. मित्सुबाई हसता हसता रडायलाच लागल्या आणि म्हणाल्या, “माझं जुनं यंत्र घेऊन जा हो आता, कंबर मोडली माझी.” मग ज्यानं-त्यानं आपापलं पाप ओकून टाकलं. कुणी पंखा सांगितला, कुणी भाताचा कुकर. बाबा प्रत्येकाला विचारत होते, नीट चालतोय ना? काही अडलं तर फोन करा. नाकानिशी कानकोंडा होऊन हे ऐकत होता. त्याला ओसाकाहून विचारून यायला सांगितलं होतं की गिऱ्हाईक आपल्या कंपनीची वस्तू का पसंत करतात. त्यानं सुगावाराबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, “कुठली कंपनी? माझ्या घरात सगळं इवाओचं आहे.” बिचारा लिहायचा थांबला. मग मागच्या बाजूनं आजोबा म्हणाले, “लिही, लिही. म्हणावं, टीव्ही एकदा तिकडून घेतला, चूक झाली. हीटर मात्र इथूनच नेणार, कारण हीटर मरताना वेळ बघत नाही.” त्या दिवशी इतकी मागणी नोंदवली गेली की गोदामातली जुनी धूळसुद्धा विकली गेली असती. पण मला त्याचं तेवढं नाही. मला दिसत होतं ते एवढंच की शिडी भिंतीला तशीच उभी होती, आणि तिच्या पायरीवर कुणीतरी आपला ओला कोट वाळत घातला होता.

तुझ्या बाबांनी मात्र एक गोष्ट केली. बसचा ड्रायव्हर बाहेर एकटाच उभा होता, परक्याच्या लग्नात आल्यासारखा. बाबा स्वतः वाटी घेऊन बर्फात गेले आणि तो खाऊन होईपर्यंत शेजारी उभे राहिले. मग आत आले, फडताळातला झाकणाचा डबा काढला, त्यात रस्सा भरला, अळकुड्या वेचून वेचून, मांस जरा जास्त, आणि फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या हातात दिला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. रविवारी तो डबा दुकानाच्या पायरीवर होता, घासून पुसून, फडकं धुऊन घडी घातलेलं. बाबांनी डबा उघडून वास घेतला, बंद केला आणि फडताळात ठेवला. सोमवारी सकाळी ओसाकाला होकार गेला. पाटी राहिली, तोमो. या वर्षीच नाही, मला वाटतं गुडघा आहे तोवर राहील. शिडी गोदामात परत गेली आणि बाबा जेवताना गुणगुणत होते. सूर नेहमीसारखाच वाईट होता, पण मी थांबवलं नाही.

आता मी पत्र का लिहायला घेतलं ते सांगते. योशिनो आजींची भाचेसून तुमच्याकडे गल्ल्यावर आहे, हे तू विसरलास. बस दुसऱ्याच्या दारात नेल्याबद्दल आणि रजेच्या दिवशी परस्पर गिऱ्हाइकांच्या घरी गेल्याबद्दल दुकानानं तुझ्याकडून लेखी माफी मागितलीय, आणि ती या आठवड्याअखेर द्यायचीय, हे आम्हाला कळलंय. त्यावर तुझ्या नोकरीला जामीन राहणाऱ्या घरच्या माणसाचा शिक्का लागतो, हेही कळलं. तू नोकरीला लागलास तेव्हा बाबांनी तो शिक्का मारला नव्हता. योनेझावाच्या मामानं मारला होता, आणि त्यावर आपण तिघं कधी बोललो नाही. आज सकाळी हीटरचं सामान गाडीत ठेवता ठेवता बाबा मला म्हणाले, “तू लिहिणार आहेस ना त्याला? मग हेही लिही. बस मालकाची होती, ती त्याला न विचारता वळवली, ही चूक. ती सरळ कबूल कर म्हणावं, चांगल्या अक्षरात. पण म्हातारी माणसं चिखलात चालू दिली नाहीत आणि विकलेल्या वस्तूची विचारपूस केली, त्याबद्दल एक अक्षर माफी मागू नकोस म्हणावं. ती आपल्या घरात चूक नसते.” एवढं बोलून गाडीत बसले, गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली आणि काच खाली करून म्हणाले, “आणि मामाकडे जाऊ नको म्हणावं. माझ्या मुलाला जामीन मी राहीन.” मग ते निघाले, नदीकडून नाही, बायपासनं. मंगळवारी आपलं दुकान बंद असतं. तो कागद घेऊन घरी ये.

तुझीच,
आई